सही कोणाची, काम कोणाचे? : स्थानिक वीज-ठेकेदारीचा परवाना, खर्च आणि बाजार

विजेच्या कामासाठी घरी येणाऱ्या माणसाला मराठीत बरीच नावे आहेत. खेड्यात तो ‘लाइटवाला’ असतो, तालुक्याच्या गावी ‘वायरमन’, शहरातल्या सोसायटीच्या फलकावर ‘इलेक्ट्रिशियन’. आयटीआयच्या प्रमाणपत्रावर ‘तारतंत्री’ आणि ‘वीजतंत्री’ असे दोन वेगळे व्यवसाय आहेत, दोन्हींचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. सरकारी कागदांत आणखी दोघे भेटतात, ‘विद्युत पर्यवेक्षक’ आणि ‘विद्युत ठेकेदार’. बोलताना आपण ही सगळी नावे एकमेकांच्या जागी वापरतो. कायद्याच्या लेखी मात्र प्रत्येक नावाचा माणूस वेगळा, त्याचा कागद वेगळा आणि त्याची जबाबदारीही वेगळी आहे.

मी अभियंता नाही. जुनी नियमपुस्तके, राजपत्रे आणि निविदांचे कागद वाचता वाचता या विषयात शिरलो. वाचताना एक गोष्ट सतत खटकत राहिली. वीज-ठेकेदारीचे नियम पाहावेत तर ते विलक्षण काटेकोर आहेत. बाजार पाहावा तर त्यात या नियमांना जवळजवळ किंमत नाही. नियम आणि बाजार यांच्यामध्ये ही फट का पडली, ती कोणाच्या खिशातून आणि कोणाच्या जिवावर भरली जाते, हा या लेखाचा विषय.

तीन कागदांची साखळी

‘भारतीय विद्युत नियम, १९५६’ मधला ४५वा नियम हा या व्यवसायाचा पाया. त्याचा आशय असा : ग्राहकाच्या जागेतले विजेच्या मांडणीचे कोणतेही काम, मग ते नवे असो, वाढीव असो, बदलाचे असो वा दुरुस्तीचे, राज्य सरकारचा परवाना असलेल्या ठेकेदारामार्फतच झाले पाहिजे. ते सक्षमता प्रमाणपत्र मिळवलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली झाले पाहिजे आणि हत्यार धरणाऱ्या माणसाकडेही परवाना असला पाहिजे. सूट आहे ती फक्त दिवा, पंखा, फ्यूज, बटण, घरगुती उपकरण अशा वस्तू बदलण्यापुरती, आणि तीही मांडणीची क्षमता वा स्वरूप बदलत नसेल तरच. २००३ च्या विद्युत कायद्यानंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये सुरक्षाविषयक विनियम आणले, २०२३ मध्ये ते नव्याने केले. भाषा थोडी बदलली, साखळी तीच राहिली.

महाराष्ट्रात ही व्यवस्था ऊर्जा विभागाच्या अखत्यारीतले परवाना मंडळ आणि मुख्य विद्युत निरीक्षकांचे कार्यालय पाहते. तारतंत्र्याचा परवाना आयटीआयचे शिक्षण किंवा मंडळाची परीक्षा आणि अनुभव यांवर मिळतो. पर्यवेक्षकासाठी शिक्षण आणि अनुभवाची अट त्याहून वरची. ठेकेदाराचा परवाना हवा असेल तर आपल्या पदरी पर्यवेक्षक आहे, परवानाधारक कारागीर आहेत आणि मोजमापाची उपकरणे आहेत, हे दाखवावे लागते. तारेचे आवरण शाबूत आहे की नाही हे मोजणारा मेगर आणि जमिनीशी केलेल्या जोडणीचा रोध मोजणारा अर्थ टेस्टर, ही त्यांतली मुख्य.

या रचनेमागचा विचार साधा आहे. कारागिराने काम करायचे, पर्यवेक्षकाने ते पाहायचे आणि मोजायचे, ठेकेदाराने त्याची हमी घ्यायची. हात, डोळा आणि सही अशी ही वाटणी आहे. काही बिघडले तर सहीपासून हातापर्यंत माग काढता यावा, हा तिचा हेतू.

भिंतीबाहेरची वीज आणि भिंतीतली वीज

विजेच्या कामाला नियम हवेत ही जाणीव विजेइतकीच जुनी आहे. लंडनमधल्या तार आणि वीज अभियंत्यांच्या संस्थेने विजेच्या दिव्यांमुळे लागणाऱ्या आगी टाळण्यासाठी पहिले नियम केले ते १८८२ मध्ये. भारतात विजेविषयी पहिला कायदा १८८७ चा, पुढे १९०३ चा आणि मग दीर्घकाळ टिकलेला १९१० चा. मुंबईत बेस्टची मूळ कंपनी १९०५ मध्ये स्थापन झाली, विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली आणि टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून १९१५ मध्ये जलविद्युत येऊ लागली.

त्या काळापासून थेट १९८०च्या आसपासपर्यंत घरातली वायरिंग भिंतीवर असे. चिनी मातीच्या गुटक्यांवर ताणलेल्या तारा, नंतर सागवानी पट्टीवर क्लिपांनी बसवलेली वायर, लाकडी केसिंग-कॅपिंग, मीटरशेजारी चिनी मातीचा किटकॅट फ्यूज. दिसायला ते ओबडधोबड होते, पण सगळे डोळ्यांसमोर. पट्टी सुटली, वायर काळी पडली, जोड उघडा राहिला तर घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही कळे. चांगल्या वायरमनची ख्याती त्याच्या पट्टीच्या सरळ रेषेवरून ठरे.

पुढे कन्सील्ड वायरिंग आले. विटांत झिरी पाडायची, पाइप पुरायचा, वर गिलावा आणि रंग. घर देखणे झाले, पण विजेचे काम नजरेआड गेले. पाइपातली वायर कोणत्या जाडीची आहे, जोड कुठे दिला आहे, अर्थची तार बोर्डापर्यंत आली आहे की नुसतीच वाटेत सोडली आहे, हे घरमालकाला कधीच दिसत नाही. त्यामुळे ज्या काळात मोजून दिलेल्या अहवालाची आणि जबाबदार सहीची गरज सर्वांत वाढली, नेमका त्याच काळात तो अहवाल निव्वळ औपचारिकता होत गेला.

मोजायचे काय असते?

ही औपचारिकता महागात का पडते, ते कळायला थोडे गणित पुरते.

फ्रिजमधली फेजची तार झिजून पत्र्याला टेकली असे समजू. अर्थिंग नीट असेल तर प्रवाह पत्र्यावरून अर्थच्या तारेने जमिनीत जातो. या वाटेचा एकूण रोध २ ओहम असेल तर २३० व्होल्टला २ ने भागून ११५ अँपिअर प्रवाह वाहू लागतो. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्या प्रवाहाला डोळ्याचे पाते लवण्याआधी पडतो. घरात अंधार होतो आणि माणूस वाचतो.

आता हाच रोध २३ ओहम आहे असे समजा. खड्डा उथळ आहे, माती कोरडी आहे, पाइप गंजला आहे. प्रवाह येतो १० अँपिअर. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने हा नेहमीचा भार, तो पडत नाही. पत्रा तसाच जिवंत राहतो आणि ओल्या पायांनी फ्रिज उघडायला येणाऱ्या माणसाची वाट पाहतो. अर्थिंग मुळातच नसेल तर ती व्यक्तीच जमिनीकडे जाणारी वाट होते.

एमसीबी असतो तारेला वाचवण्यासाठी. माणसाला वाचवण्यासाठी असतो आरसीसीबी. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला तरी तो वीज तोडतो. पण तो महाग असतो, आणि पावसाळ्यात भिंतीला ओल आली की वारंवार पडतो. वारंवार पडणारा आरसीसीबी खरे तर सांगत असतो की कुठेतरी गळती आहे. गळती शोधायला अर्धा दिवस लागतो, आरसीसीबी वगळून तार सरळ जोडायला दहा मिनिटे. बहुतेक घरांत दहा मिनिटांचा उपाय होतो, कारण मजुरी दहा मिनिटांचीच द्यायची असते.

अर्थिंगचे काम कसे असावे हेही लिहून ठेवलेले आहे. भारतीय मानक ३०४३ हे त्याचेच. साधारण ४० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप उभा पुरायचा, भोवती मीठ आणि कोळशाचे थर द्यायचे, वर पाणी घालण्याची सोय ठेवायची आणि शेवटी रोध मोजायचा. यातला खड्डा, पाइपाची लांबी आणि मोजमाप, तिन्ही गोष्टी जमिनीवरून दिसत नाहीत. अडीच मीटरचा पाइप गेला की एक मीटरचा, हे खोदणाऱ्यालाच ठाऊक.

‘पॉइंट’चा बाजार

घरगुती कामाची किंमत ठरते ‘पॉइंट’वर. दिव्याचा एक पॉइंट, पंख्याचा एक, गिझरचा वा एसीचा पॉवर पॉइंट वेगळा. बिल्डर किंवा घरमालक विचारतो, पॉइंटला काय घेणार? लेबर रेटने की मटेरियलसह? तीन-चार जणांना विचारून सर्वांत कमी सांगणाऱ्याला काम मिळते. पॉइंट मोजता येतो म्हणून तो सोयीचा. पण पॉइंटमध्ये काय धरले आहे हे कोणी लिहून देत नाही. जोड पेटीतच देणे, वळणावर वायर न सोलणे, प्रत्येक सर्किट मेगरने तपासणे, डीबीवर कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा हे लिहून ठेवणे, या कामांना पॉइंट नाही. त्यामुळे दरही नाही. जो ही कामे करतो त्याचा वेळ जातो आणि दर वाढतो. जो करत नाही तो स्वस्त पडतो. बाजार त्याला बक्षीस देतो.

मालाचा हिशेब वेगळाच आहे. घरगुती वायरचे बंडल सहसा ९० मीटरचे असते. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेच्या अशा बंडलात साधारण १.२ किलो तांबे असते. तीच तार प्रत्यक्षात १.२ चौरस मिलिमीटरची निघाली तर एका बंडलामागे सुमारे पाव किलो तांबे वाचते, आणि नुसत्या डोळ्यांनी हा फरक ओळखता येत नाही. वायरला भारतीय मानक ६९४ आणि आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे ते म्हणूनच. तरीही गल्लीतल्या दुकानात नावात एखादे अक्षर बदललेला माल मिळतो आणि खपतो.

तांब्याचा भाव ठेकेदाराच्या हातात नाही. मे २०१८ मध्ये तामिळनाडूतल्या तुतिकोरिनचा तांब्याचा मोठा कारखाना बंद झाला आणि शुद्ध तांबे निर्यात करणारा आपला देश आयातदार झाला. मार्च २०२० मध्ये लंडनच्या बाजारात टनाला पाच हजार डॉलरच्या खाली गेलेले तांबे मे २०२१ मध्ये दहा हजारांवर गेले. चौदा महिन्यांत भाव दुपटीहून अधिक. ज्या लहान ठेकेदाराने या काळाच्या सुरुवातीला मटेरियलसह दर देऊन इमारतीचे काम धरले आणि शेवटी वायर ओढली, त्याला हा फरक स्वतःच्या खिशातून भरावा लागला. मोठी कंपनी भाववाढीचे कलम करारात घालून घेते. गावच्या ठेकेदाराचा करार अनेकदा वहीच्या पानावर किंवा तोंडी असतो.

यात आणखी एक कडी आहे. वायर आणि बटणांच्या खोक्यांत कारागिरासाठी कूपन असते. हल्ली मोबाइलवर कोड टिपून गुण जमा होतात, त्यांच्या बदल्यात भेटवस्तू किंवा पैसे मिळतात. दुकानदारही आणलेल्या गिऱ्हाइकामागे काही देतो. कमी मजुरीत काम धरलेला वायरमन आपली तूट या वाटेने भरून काढतो. त्याला दोष देणे सोपे आहे. पण मजुरी पुरेशी दिली असती तर कोणता माल घ्यावा हा त्याचा सल्ला निर्मळ राहिला असता, हेही लक्षात घ्यायला हवे.

सहीचा वेगळा बाजार

नवी वीजजोडणी घेताना महावितरणच्या अर्जासोबत परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल द्यावा लागतो. आवरणाचा रोध इतका, अर्थिंगचा रोध इतका, मांडणी जोडणीस योग्य. खाली सही, शिक्का, परवाना क्रमांक. कायद्याची सगळी साखळी या एका पानावर येऊन थांबते.

प्रत्यक्षात काम पॉइंटच्या दराने एकाने केलेले असते, बहुधा परवाना नसलेल्याने. मग अहवालासाठी दुसऱ्याकडे जायचे. तो ठरलेली रक्कम घेऊन कागद देतो. आकडे भरलेले असतात, पण मेगर त्या घरी गेलेला नसतो. असे सगळीकडे आणि प्रत्येक जण करतो असे मी म्हणणार नाही. जागेवर जाऊन, मोजून, खोट काढून सही नाकारणारे ठेकेदार आहेत. पण या व्यवहाराला बाजारात नाव आहे, दर आहे आणि गिऱ्हाईक आहे. ‘लायसन्सची सही’ ही एक स्वतंत्र वस्तू झाली आहे. तसेच पर्यवेक्षकाचे. पदविका घेऊन दुसरीकडे नोकरी करणाऱ्याचे प्रमाणपत्र एखाद्या ठेकेदाराच्या परवान्यावर टांगलेले असते आणि त्याने ती जागा कधी पाहिलेलीही नसते.

परवाना नीट सांभाळणाऱ्याचा खर्च पाहिला की हे का होते ते उमगते. पर्यवेक्षकाचा महिन्याचा पगार, कारागिरांचा विमा, उपकरणे आणि त्यांची वेळोवेळी अचूकता-तपासणी, परवान्याचे नूतनीकरण, जीएसटीची नोंदणी आणि विवरणपत्रे, हिशेबनिसाची फी. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी आलीच, आणि मालासह केलेला ठेका सेवेतच मोडतो. त्याच्या बिलावर १८ टक्के कर दिसतो. बिनपरवाना माणसाच्या चिठ्ठीवर तो नसतो. घरमालकाला दोन आकडे दिसतात, त्यांमागचा फरक दिसत नाही. मग परवानाधारकापुढे दोनच वाटा उरतात : घरगुती काम सोडून द्यायचे, किंवा काम दुसऱ्याला करू देऊन आपण सहीपुरते उरायचे.

जे घरगुती काम सोडतात, त्यांतले काही महावितरणच्या कामांकडे वळतात. नव्या वसाहतीला किंवा कारखान्याला रोहित्र, खांब, केबल लागते तेव्हा ग्राहक ते काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घेतो आणि अंदाजित खर्चाच्या १.३ टक्के पर्यवेक्षण शुल्क महावितरणला भरतो. या धंद्यात ‘एक पूर्णांक तीनचे काम’ असा शब्दच आहे. इथे पैसा बरा असतो, कारण काम उघड्यावर असते आणि वीज सुरू होण्याआधी कंपनीचा अभियंता ते पाहतो. डोळ्यांसमोरच्या कामाला भाव मिळतो हे इथेही दिसते.

सरकारी कामाचा ताळेबंद

उरलेले सरकारी निविदांकडे जातात. शाळा, रुग्णालय, कार्यालय यांची वायरिंग, पथदिवे. दरसूची ठरलेली, माल कोणत्या कंपन्यांचा घ्यायचा ती यादी ठरलेली. वरून हे सुरक्षित वाटते. एक हिशेब मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते गोल घेतले आहेत.

अंदाजपत्रक करासह नव्हे, कराशिवाय १० लाखांचे. स्पर्धा एवढी की काम २० टक्के कमी दराने, म्हणजे ८ लाखांना घेतले. माल साडेपाच लाखांचा, मजुरी दीड लाख, पर्यवेक्षक, वाहतूक, तपासणी आणि कार्यालय मिळून पन्नास हजार. एकूण खर्च साडेसात लाख, राहिले पन्नास हजार.

आता बिल निघते. ५ टक्के सुरक्षा अनामत दोषदायित्वाचा काळ संपेपर्यंत अडकली असे धरू, म्हणजे ४० हजार. आयकराची कपात, ठेकेदार एकटा मालक असेल तर १ टक्का, ८ हजार. अडीच लाखांवरच्या ठेक्यावर जीएसटीची कपात २ टक्के, १६ हजार. बांधकाम कामगार कल्याण उपकर १ टक्का, ८ हजार. मिळून ७२ हजार रुपये हातात येत नाहीत. उपकर सोडला तर बाकीचे पुढे परत येतात किंवा करात वळते होतात, पण आज ते नसतात. शिवाय १८ टक्क्यांप्रमाणे १ लाख ४४ हजारांचा जीएसटी. मालावर भरलेले ९९ हजार वजा जाता ४५ हजार शासनाला द्यायचे. बीजक निघाले की कर भरायची मुदत सुरू होते, बिलाचे पैसे आले की नाही याच्याशी त्या मुदतीचे देणेघेणे नाही.

उपकर वजा जाता खरा नफा राहतो ४२ हजार. घातलेले साडेसात लाख महिना दीड टक्क्याने उसने आणले असतील तर व्याज महिन्याला ११,२५० रुपये. बिल चार महिने लांबले की व्याज ४५ हजार होते आणि नफा संपतो. पाचव्या महिन्यापासून ठेकेदार घरचे घालत असतो. २०२५ मध्ये थकीत बिलांसाठी राज्यभर कंत्राटदार संघटनांनी आंदोलने केली. त्या बातम्यांमागे अशीच वजाबाकी होती.

इतके कमी दर भरून पुन्हा टिकायचे तर बचत कुठे करायची? दिवे, पंखे, पॅनेल यांवर कंपनीचे नाव असते, ते तपासले जाते. बचत होते ती पाइपातल्या वायरवर, अर्थिंगच्या खड्ड्यांवर आणि पर्यवेक्षकावर. पुन्हा जे दिसत नाही त्यावरच.

किंमत कोण मोजतो?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार देशात विजेच्या धक्क्याने वर्षाला दहा हजारांहून अधिक माणसे मरतात. यांत शेतातल्या तुटलेल्या तारा आहेत, पाण्याच्या मोटारी आहेत, कपडे वाळत घालायची तार आहे, आणि काम करणारे कारागीरही आहेत. अपघातानंतर २००३ च्या कायद्यानुसार विद्युत निरीक्षक चौकशी करतो. त्याच कार्यालयाकडे विद्युत शुल्काचेही काम असते. शुल्काचा आकडा दरवर्षी विचारला जातो, न झालेल्या अपघाताचा कोणी विचारत नाही.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशुकक्षाला आग लागून दहा बाळे गेली. त्यानंतर राज्यभरच्या रुग्णालयांत तपासण्यांचे आदेश निघाले. तपासणी म्हणजे पुन्हा एक अहवाल, पुन्हा एक सही. ती सही जागेवर जाऊन केलेली असेल तर बाळे वाचतील. टेबलावर बसून केलेली असेल तर आपल्या फायलीत एका कागदाची भर पडेल.

साखळीच्या तळाशी असलेल्या माणसाला ग्रामीण महाराष्ट्रात ‘झिरो वायरमन’ म्हणतात. तो महावितरणच्या पटावर नाही, ठेकेदाराच्या हजेरीवर नाही, त्याच्याकडे परवाना नाही. लाइनमनकडे पाच-सहा गावे असतात, रात्री फ्यूज गेला की गावातला हा मुलगा खांबावर चढतो. गाव त्याला ओळखते, कामाला बोलावते, वर्गणीतून पैसे देते. तो पडला किंवा चिकटला तर पहिला प्रश्न विचारला जातो : हा वर चढलाच कसा? ‘झिरो’ हा शब्द गावाने गमतीने दिला असेल, पण कागदावरचे त्याचे स्थान त्यात नेमके उतरले आहे. शहरातल्या इमारतीत झिरी पाडणारा, उत्तरेतून किंवा मराठवाड्यातून आलेला हेल्पर याहून फार वेगळा नाही. काम त्याच्या हातचे असते, सही वेगळ्याची असते, आणि दोघांची गाठही पडलेली नसते.

पुढे काय?

छतावरची सौरवीज हे या धंद्याचे नवे क्षेत्र आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एक कोटी घरांचे लक्ष्य आहे. ३ किलोवॉट वा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळते. स्थानिक ठेकेदारांना यात काम आहे. पण पॅनेलकडून येणारी वीज एकदिश असते; तिची ठिणगी एकदा पडली की सहज विझत नाही, आणि मेन स्विच बंद केला तरी उन्हात पॅनेलच्या तारा जिवंतच राहतात. हे ज्याला शिकवलेले नाही तो छतावर चढला तर घरातल्या वायरिंगची कथा छतावर नव्याने सुरू होईल. इथेही दर ‘किलोवॉटला किती’ असाच विचारला जाऊ लागला आहे.

उपाय म्हणून निरीक्षक वाढवावेत, दंड वाढवावा असे म्हटले जाते. ते व्हावेच. पण लाखो घरांच्या भिंती उकरून पाहणारा निरीक्षक कोणत्याही सरकारला परवडणार नाही. काम देणाऱ्याला मात्र काही गोष्टी जमण्यासारख्या आहेत. पॉइंटच्या दरात काय धरले आहे ते लिहून घ्यावे. गिलावा होण्याआधी झिऱ्यांची आणि अर्थिंगच्या खड्ड्याची, शेजारी मोजपट्टी धरून, छायाचित्रे काढावीत. हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. कोटेशनमध्ये तपासणीची वेगळी ओळ असावी आणि तिच्यापुढे रक्कम असावी, म्हणजे ती करणाऱ्याला ती फुकटात करावी लागणार नाही. अहवालावर सही करणाऱ्याने मेगर आणि अर्थ टेस्टर आपल्या डोळ्यांसमोर लावावा. आकडा घरमालकाने स्वतः वाचावा, त्याला तो वाचता येतो. सोसायट्यांनी आणि ग्रामपंचायतींनी एवढे केले तरी सहीला पुन्हा काम चिकटेल. सरकारी निविदांतही तपासणी, अर्थिंग आणि पर्यवेक्षण या बाबींवर कमी दर भरण्याची मुभा नसावी. स्पर्धा व्हायची ती उरलेल्या कामावर व्हावी.

दरवर्षी गणपतीच्या आधी महावितरण मंडळांना आवाहन करते की तात्पुरती अधिकृत जोडणी घ्या आणि मंडपाची वायरिंग परवानाधारकाकडून करून घ्या. ते आवाहन वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येते. दिवाळीत मंडप नसतो, पण गॅलरीत आकाशकंदील असतो, एकाच सॉकेटवर तीन माळा असतात आणि ते सॉकेट ज्या भिंतीत आहे तिच्यातली तार कोणी ओढली हे घरात कोणालाच ठाऊक नसते. घराचा करारनामा, कराच्या पावत्या, बँकेचे कागद आपण कपाटात जपून ठेवतो. त्यांच्यासोबत विजेच्या चाचणी अहवालाची एक प्रत ठेवावी. त्यावर ज्याची सही आहे तो घरी येऊन गेला होता का, एवढे तरी आपल्याला आठवत असले पाहिजे.